राजवाड्यात नाही, गव्हाणीत: येशूच्या जन्माच्या गोष्टीत नक्की काय आहे आणि काय नंतर जोडलं गेलं?

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की दोन गोष्टी हमखास सुरू होतात. वसई पट्ट्यात आणि गोव्यात घरांसमोर, चर्चच्या आवारात, कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत गवत, बांबू आणि पुठ्ठ्याचे गोठे उभे राहतात. कोकणीत त्याला 'गोठो' म्हणतात. आत मरिया, योसेफ, दोन-तीन मेंढ्या, एक गाय, एक गाढव आणि मध्ये रिकामी गव्हाण. बाळाची मूर्ती त्यात २४ तारखेच्या रात्री ठेवली जाते.

दुसरी गोष्ट फोनवर सुरू होते. 'येशूचा जन्म २५ डिसेंबरला झालाच नव्हता', 'हा तर रोमन सूर्यदेवाचा सण', 'तीन राजे कुठे होते ते दाखवा'. हे फॉरवर्ड दरवर्षी तेच असतात, फक्त फोटो बदलतात. गंमत म्हणजे त्यातलं काही खरं आहे. पण ज्या मुद्द्यामुळे ही गोष्ट दोन हजार वर्षं टिकली, तो मुद्दा त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नसतो. एका गरीब घरातलं मूल, जनावरांच्या चाऱ्याच्या जागी ठेवलेलं. याचं एवढं काय?

एकेक करून बघूया.

जन्माची गोष्ट लिहिली कोणी?

बायबलच्या नव्या करारात येशूच्या आयुष्यावरची चार पुस्तकं आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान. यांना शुभवर्तमानं म्हणतात. यातल्या फक्त दोघांनी, म्हणजे मत्तय आणि लूक यांनी जन्माची कथा सांगितली आहे. मार्कचं पुस्तक चारही पुस्तकांत जुनं मानलं जातं, साधारण इसवी सन ७० च्या आसपासचं. त्यात येशू थेट मोठा माणूस म्हणूनच समोर येतो. जन्म नाही, बालपण नाही. योहानाच्या पुस्तकातही गव्हाण, मेंढपाळ, तारा यातलं काही नाही.

त्याहून जुनं लिखाण म्हणजे पौलाची पत्रं. ती इसवी सन ५० च्या दशकातली आहेत. तो जन्माबद्दल एवढंच म्हणतो की येशू एका स्त्रीच्या पोटी जन्मला. बेथलेहेमचं नाव तो घेत नाही. मात्र फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात तो एक कल्पना मांडतो: जो देवाच्या रूपात होता, त्यानं स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं. म्हणजे लूकनं गव्हाणीबद्दल लिहिण्याच्या काही दशकं आधीच 'देव खाली उतरला' हा विचार या नव्या पंथात रुजलेला होता. गोठ्याचं चित्र नंतर आलं, त्यामागचा विचार आधीपासून होता.

आता मत्तय आणि लूक शेजारी ठेवून वाचलेत तर धक्का बसेल. दोघांची गोष्ट बरीच वेगळी आहे. लूकच्या गोष्टीत मरिया आणि योसेफ नासरेथचे आहेत. रोमन नावनोंदणीसाठी ते दक्षिणेला बेथलेहेमला जातात, तिथे बाळ होतं, मेंढपाळ येतात, जेरुसलेमच्या मंदिरातले विधी होतात आणि कुटुंब घरी परततं. मत्तयच्या गोष्टीत नावनोंदणी नाही, गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत. तिथे तारा आहे, पूर्वेकडून आलेले ज्ञानी आहेत, हेरोद राजा आहे आणि रात्रीतून इजिप्तला पळालेलं कुटुंब आहे. आपण गोठ्यात जे दृश्य पाहतो ते या दोन गोष्टी एकत्र करून तयार झालं आहे. मेंढपाळ लूकचे, ज्ञानी मत्तयचे. गाय आणि गाढव दोघांचेही नाहीत, त्यांच्याकडे नंतर येऊ.

सराईवाल्यानं दार लावलं होतं का?

शाळेच्या नाटकात हा प्रसंग ठरलेला असतो. गरोदर मरिया, थकलेला योसेफ, आणि 'जागा नाही' म्हणून दार आपटणारा सराईचा मालक. लूकच्या पुस्तकात हा मालकच नाही. दार आपटण्याचा प्रसंगही नाही. गोठा हा शब्दसुद्धा नाही!

लूक एवढंच सांगतो की बाळाला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण 'कातालुमा'मध्ये त्यांच्यासाठी जागा नव्हती. सगळा वाद या एका ग्रीक शब्दाचा आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'उतारशाळा' असा शब्द आला. पण हाच लूक पुढे येशूच्या शेवटच्या भोजनाची खोली सांगताना पुन्हा 'कातालुमा' हाच शब्द वापरतो, आणि तिथे अर्थ सरळ आहे: कोणाच्या तरी घरातली पाहुण्यांची खोली. ज्या ठिकाणी त्याला खरोखर पैसे देऊन राहायची सराई म्हणायची आहे, म्हणजे चांगल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीत, तिथे तो वेगळाच शब्द वापरतो, 'पांदोखेयॉन'.

म्हणून आज अनेक अभ्यासक म्हणतात की योसेफ आणि मरिया बहुधा एखाद्या नातेवाइकाच्या घरी उतरले असावेत. पाहुण्यांची खोली आधीच भरलेली होती, म्हणून बाळंतपण घराच्या मुख्य भागात झालं. तिथल्या साध्या खेड्यातल्या घरात रात्री जनावरं आतच बांधायचे. जनावरांची जागा खाली, माणसांची जागा थोडी उंचावर, आणि दोन्हींच्या मध्ये चारा टाकायची गव्हाण.

हे वर्णन युरोपातल्या वाचकाला परकं वाटतं. आपल्याला वाटायचं कारण नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या जुन्या घरांत पावसाळ्यात गुरं आणि माणसं एकाच छपराखाली असायची. मधे फार तर एक कुडाची भिंत, आणि रात्री चुलीजवळ झोपलं तरी म्हशीच्या रवंथ करण्याचा आवाज ऐकू यायचा. ज्यानं असं घर पाहिलं आहे त्याला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. मराठी बायबलमध्ये 'गव्हाणी' हा शब्द आहे, आणि मला तो फार नेमका वाटतो, कारण गव्हाण म्हणजे काही सजवलेला पाळणा नव्हे. ती गुरांच्या लाळेनं ओली होणारी, कडब्याचे तुकडे अडकलेली रोजच्या वापरातली वस्तू आहे.

म्हणजे फॉरवर्डवाले जिंकले का? 'गरिबीची गोष्ट खोटी'? नाही. उलट, कोणीतरी हाकलून दिल्याचा नाट्यमय प्रसंग काढून टाकला तरी जे उरतं ते अधिक साधं आहे. पाहुण्यांनी भरलेलं घर, जागेची अडचण, आणि बाळाला ठेवायला सापडलेली सगळ्यात ऊबदार जागा. त्या काळातल्या बहुसंख्य कुटुंबांचं जगणं असंच होतं.

कुटुंब खरंच गरीब होतं, हे कशावरून?

याचा सगळ्यात भक्कम पुरावा गव्हाणीत नाही, दोन कबुतरांत आहे. आणि ही ओळ बहुतेक वाचकांच्या नजरेतून सुटते.

मोशेच्या नियमशास्त्रानुसार मुलगा झाल्यावर ४० दिवसांनी आईनं शुद्धीकरणासाठी अर्पण द्यायचं असे. एक वर्षाचं कोकरू आणि एक कबूतर किंवा पारवा. पण लेवीय या पुस्तकात एक सवलत आहे: जिला कोकरू परवडत नाही तिनं दोन पारवे किंवा कबुतराची दोन पिल्लं द्यावीत. लूक सांगतो की मरिया आणि योसेफ यांनी मंदिरात हेच दुसरं अर्पण दिलं. कोकराचा उल्लेख नाही. लूक 'ते गरीब होते' असं कुठेही म्हणत नाही, पण त्या काळच्या ज्यू वाचकाला ते लगेच कळलं असणार. आपल्याकडे एखाद्या घराचं पिवळं रेशनकार्ड दिसलं की पुढचं सांगावं लागत नाही, तसंच.

योसेफाच्या कामासाठी ग्रीकमध्ये 'तेक्तोन' हा शब्द आहे. आपण सुतार म्हणतो. प्रत्यक्षात तो लाकूड आणि दगड दोन्हींची बांधकामं करणारा कारागीर असू शकतो. मार्कच्या पुस्तकात खुद्द येशूलाच तेक्तोन म्हटलं आहे, आणि तेही गावातले लोक नाक मुरडत म्हणतात: हा तर आपल्यातलाच कामगार, याला एवढं ज्ञान कुठून? नासरेथ हे गावही तसंच. जुन्या करारात त्याचं नावसुद्धा येत नाही. योहानाच्या पुस्तकात तर एक जण विचारतो की नासरेथमधून काही चांगलं निघू शकतं का. त्या काळी ते काहीशे वस्तीचं खेडं असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

हातावर पोट असलेलं, पण अगदी बेघर नसलेलं कुटुंब, असं ते चित्र आहे.

मेंढपाळच का?

लूकच्या गोष्टीत बाळाची बातमी पहिल्यांदा रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना मिळते. प्रवचनांत नेहमी सांगितलं जातं की मेंढपाळ तेव्हा समाजातून बहिष्कृत होते. हे जरा ताणलेलं आहे. मेंढपाळांबद्दलची कडक मतं जास्त करून नंतरच्या शतकांतल्या ज्यू ग्रंथांत सापडतात. शिवाय बेथलेहेमचाच दावीद राजा लहानपणी मेंढ्या राखायचा, त्यामुळे या गावात मेंढपाळ म्हटल्यावर आधी तोच आठवणार.

पण ते सत्तेच्या जवळचे नव्हते, हे नक्की. बातमी मंदिरात गेली नाही, राजवाड्यात गेली नाही, रात्रपाळी करणाऱ्यांकडे गेली.

हे सगळं सम्राटाला टोचणारं का होतं?

ही कथा फक्त गरिबीची असती तर कदाचित एवढी टिकली नसती. लूक तिची सुरुवातच कोणापासून करतो ते बघा: सम्राट ऑगस्टस. त्याचं फर्मान निघतं आणि एका गरोदर बाईला शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो.

ऑगस्टस त्या काळातला जगातला सर्वांत ताकदवान माणूस. त्याचा दत्तक बाप ज्युलियस सीझर याला मृत्यूनंतर देव घोषित करण्यात आलं होतं, त्यामुळे ऑगस्टसच्या नाण्यांवर 'देवाचा पुत्र' अशी पदवी असे. आजच्या तुर्कस्तानात प्रिएने नावाचं प्राचीन शहर आहे. तिथे इसवी सन पूर्व ९ मधला एक शिलालेख सापडला. त्यात आशिया प्रांतानं ठरवलं आहे की यापुढे वर्षाची सुरुवात ऑगस्टसच्या वाढदिवसापासून, म्हणजे २३ सप्टेंबरपासून करायची. कारण त्या देवाचा जन्म ही जगासाठी शुभवार्तेची सुरुवात होती. ऑगस्टसला तिथे तारणारा म्हटलं आहे, शांतता आणणारा म्हटलं आहे. आणि शुभवार्तेसाठी वापरलेला शब्द त्याच कुळातला आहे, ज्याचं मराठी 'शुभवर्तमान' झालं.

आता लूकचे मेंढपाळ काय ऐकतात? शुभवार्ता, तारणारा, पृथ्वीवर शांती. शब्द तेच. फक्त सम्राटाच्या जागी गव्हाणीतलं बाळ.

लूकच्या पहिल्याच अध्यायात गरोदर मरियेच्या तोंडी एक गीत आहे. त्यात अधिपतींना सिंहासनावरून खाली ओढणारा आणि भुकेल्यांना पोटभर देणारा देव आहे. नाताळच्या ग्रीटिंग कार्डावर मरिया नेहमी मान खाली घातलेली, शांत दिसते. हे गीत वाचल्यावर ती तशी वाटत नाही.

आणखी एक संदर्भ. रोमन जगात 'नम्र' असणं हा गुण मानला जात नसे. ग्रीक आणि लॅटिनमधले त्यासाठीचे शब्द हलकं, खालच्या दर्जाचं, लाचार अशा अर्थाचे होते. मान मिळवायचा, तो मिरवायचा, ही तिथली रीत. तिथे कोणी म्हणालं की विश्वाचा मालक गुरांच्या चाऱ्यात झोपला होता, तर ऐकणाऱ्याला ते पवित्र वाटण्यापेक्षा हास्यास्पद वाटण्याची शक्यता जास्त होती. 'साधेपणा मोठा' हे आज आपल्याला इतकं सहज वाटतं की एकेकाळी ते पटवून द्यावं लागलं होतं, याचा विसर पडतो. अर्थात हा विचार जगात फक्त इथूनच आला असं नाही, आपल्या संतपरंपरेला तो शिकवायला कोणी आलं नव्हतं. पण रोमन साम्राज्यात आणि पुढे युरोपात त्याला वाट मिळाली ती प्रामुख्यानं या कथेतून.

तारीख आणि वर्षाचा घोळ

२५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये नाही. हे फॉरवर्ड खरं आहे. वर्षही नाही.

वर्षाचा पेच असा. मत्तयनुसार जन्म हेरोद राजाच्या काळात झाला आणि बहुतेक इतिहासकारांच्या मते हेरोद इसवी सन पूर्व ४ मध्ये वारला. लूकनुसार क्विरिनियस सीरियाचा सुभेदार असताना नावनोंदणी झाली, आणि जोसेफस या ज्यू इतिहासकारानुसार ती इसवी सन ६ मध्ये झाली. मध्ये जवळपास दहा वर्षांचं अंतर. बहुतेक अभ्यासक हेरोदाची बाजू धरून जन्म इसवी सन पूर्व ६ ते ४ च्या दरम्यान ठेवतात. म्हणजे ख्रिस्ताचा जन्म 'ख्रिस्तपूर्व' काळात झाला! या गोंधळाचं मूळ डायोनिशियस एक्झिगस या रोममधल्या साधूच्या गणितात आहे. इसवी सन ५२५ मध्ये त्यानं ईस्टरची कोष्टकं बनवताना येशूच्या जन्मापासून वर्षं मोजली आणि त्यात काही वर्षं चुकली. तीच मोजणी पुढे जगभर चालली. आज आपल्या आधारकार्डावरच्या जन्मतारखेतही ती चूक आहे असं म्हणायला हरकत नाही.

तारखेबद्दल दोन मतं आहेत. रोमन सम्राट ऑरेलियननं २७४ मध्ये 'अजिंक्य सूर्या'च्या पूजेला राजाश्रय दिला आणि २५ डिसेंबर हा त्या सूर्याचा जन्मदिवस मानला जाई, त्यावरून ही तारीख आली हे एक मत. दुसरं मत असं की सुरुवातीच्या ख्रिस्ती गणितींनी येशूचा मृत्यू २५ मार्चचा धरला, गर्भधारणाही त्याच तारखेची मानली आणि तिथून नऊ महिने पुढे मोजले. दोन्ही मतांना अभ्यासक आहेत आणि वाद मिटलेला नाही. त्यामुळे 'चोरलेला सण' असं ठणकावून सांगणाऱ्याला पुरावा विचारा. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी स्पष्ट नोंद रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात मिळते, आणि तिच्यातली यादी ३३६ सालापर्यंत मागे जाते.

गाय, गाढव, गुहा आणि तीन राजे

गाय आणि गाढव यशया या जुन्या करारातल्या पुस्तकातून आले. तिथे एक तक्रार आहे की बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला मालकाची गव्हाण कळते, पण माझ्या लोकांना कळत नाही. 'गव्हाण' या शब्दानं दोन्ही ठिकाणं जोडली गेली आणि चौथ्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवर हे दोन प्राणी बाळाशेजारी दिसू लागले.

गुहेचा उल्लेख दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या लेखकानं केला. तो त्याच भागातला, आजच्या नाबलुसचा. बेथलेहेम परिसरात घरांना लागून असलेल्या गुहांत जनावरं ठेवत, त्यामुळे हे अशक्य नाही.

राजे मात्र राजे नव्हते. मत्तयचा शब्द 'मागोय', म्हणजे पूर्वेकडचे ज्योतिषी किंवा ज्ञानी. त्यांची संख्या तो सांगत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी होत्या म्हणून माणसं तीन झाली. आणि ते गव्हाणीपाशी पोहोचत नाहीत, 'घरात' येतात. गोव्यात ६ जानेवारीला रेइश मागूश, चांदर आणि कासावली इथे तीन मुलं राजांच्या वेशात निघतात, तो सण यांचाच.

याच मत्तयच्या कथेत हेरोद बेथलेहेममधली दोन वर्षांखालची मुलं मारायला लावतो. आपल्याला कंस आठवतो, मत्तयच्या मूळ वाचकांना मोशे आणि फारो आठवत असणार. जोसेफसनं हेरोदाच्या क्रौर्याची लांबलचक यादी दिली आहे, त्यानं स्वतःच्या तीन मुलांना मारवलं तेही सांगितलं आहे, पण बेथलेहेमचा प्रसंग त्यात नाही. इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिश्चनांसाठी मात्र या कथेचा पुढचा भाग फार जवळचा आहे. बाळाला घेऊन आलेलं निर्वासित कुटुंब आपल्या देशात कुठे कुठे थांबलं, ती ठिकाणं ते आजही जपतात.

गव्हाण पुन्हा गव्हाण कशी झाली?

सम्राटांना टोचणारी ही गोष्ट पुढे सम्राटांचीच झाली. कॉन्स्टंटाईन आणि त्याची आई हेलेना यांच्या पुढाकारानं बेथलेहेमच्या गुहेवर मोठं चर्च बांधलं गेलं, ३३९ मध्ये ते खुलं झालं. त्याच शतकाच्या शेवटी जेरोम हा विद्वान बेथलेहेममध्ये राहायला आला. बायबलचं प्रसिद्ध लॅटिन भाषांतर त्याचंच. एका प्रवचनात त्यानं खंत बोलून दाखवली: मातीची गव्हाण काढून तिथे चांदीची बसवली, पण मला ती काढलेलीच जास्त मोलाची होती.

त्याची खंत समजून घ्यायला युरोपला बरीच शतकं लागली. १२२३ च्या नाताळला इटलीतल्या ग्रेचो या डोंगरी गावात फ्रान्सिस ऑफ असिसी यानं गवतानं भरलेली गव्हाण, खराखुरा बैल आणि गाढव आणून मध्यरात्रीचा मिस्सा करवला. श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा हा मुलगा सगळं सोडून भिक्षेवर जगत होता. बाळाला लहानपणी काय अडचणी आल्या ते डोळ्यांनी बघायचं आहे, एवढीच त्याची इच्छा होती असं काही वर्षांतच लिहिलेल्या त्याच्या चरित्रात म्हटलं आहे. आज वसईत आणि गोव्यात बनणाऱ्या गोठ्यांची परंपरा या रात्रीशी जोडली जाते.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. इंग्लंडच्या प्युरिटन संसदेनं १६४७ मध्ये नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली, कारण बायबलमध्ये तारीख नाही आणि दंगामस्ती फार होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. मेक्सिकोत मात्र १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री लोक मरिया आणि योसेफ बनून दारोदार 'आसरा द्या' म्हणत गात फिरतात, आणि शेवटच्या दारी त्यांना आत घेतलं जातं. लूकमध्ये नसलेला तो सराईवाला इथे कायमचा राहिला.

मराठीत ही कथा ४०० वर्षांहून जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्यानं ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं, रोमन लिपीत. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं आणि त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. आपला 'नाताळ' शब्दही पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. अर्थ साधाच आहे, जन्म.

आज बेथलेहेममध्ये काय आहे?

बेथलेहेम जेरुसलेमच्या दक्षिणेला साधारण दहा किलोमीटरवर, पॅलेस्टिनी वेस्ट बँकमध्ये आहे. हिब्रूत नावाचा अर्थ 'भाकरीचं घर'. सहाव्या शतकात पुन्हा बांधलेलं चर्च ऑफ द नेटिव्हिटी आजही उभं आहे, २०१२ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत आलं. आत, गुहेतल्या फरशीवर १४ टोकांचा चांदीचा तारा आहे. १८४७ मध्ये तो चोरीला गेला आणि त्यावरून फ्रान्स आणि रशिया यांच्यातला पवित्र स्थळांच्या हक्कांचा वाद आणखी चिघळला. काही वर्षांत क्रिमियन युद्ध झालं, ज्याच्या कारणांत हा वादही मोजला जातो. गव्हाणीच्या जागेवरून युद्धाची वेळ यावी, यावर काय बोलणार.

चर्चचं दार जेमतेम चार फूट उंच आहे. मूळ मोठी कमान बुजवून ते लहान केलं गेलं. घोडे आणि गाड्या आत घुसवता येऊ नयेत म्हणून हे केल्याचं सांगतात. आता त्याला 'नम्रतेचं दार' म्हणतात आणि राष्ट्राध्यक्षालाही तिथून वाकूनच जावं लागतं.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये गाझातल्या युद्धामुळे बेथलेहेमनं नाताळचा जाहीर उत्सव रद्द केला. चौकात झाड नव्हतं, रोषणाई नव्हती. गावातल्या लुथरन चर्चनं वेदीजवळ फुटलेल्या सिमेंटचा ढिगारा रचला आणि त्यात पॅलेस्टिनी रुमालात गुंडाळलेली बाळाची मूर्ती ठेवली. तो फोटो तुमच्याही टाइमलाइनवर आला असेल. त्यावर दोन्ही बाजूंनी भांडणं झाली. काहींना ते राजकारण वाटलं, काहींना फ्रान्सिसनं ग्रेचोत केलं तेच वाटलं. लूकची पहिली पानं वाचून झाल्यावर मला तरी राजकारण आणि गव्हाण वेगळी करणं कठीण वाटतं.

जाता जाता एक उपयोगी माहिती. बेथलेहेममध्ये नाताळ तीनदा येतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट २५ डिसेंबरला, ग्रीक ऑर्थोडॉक्स जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे ७ जानेवारीला आणि तिथले आर्मेनियन १९ जानेवारीला साजरा करतात. तेव्हा एखाद्या मित्राला शुभेच्छा द्यायच्या राहून गेल्या असतील, तर अजून वेळ आहे.